हमीदभाईंचं आगीचं पथक

हमीदभाई कुणाच्याही दारी आले की बेल वाजवण्याआधी पालथा हात दाराला लावून बघायचे. ईदचा शिरखुर्मा घेऊन आले तरी तेच. एकदा मी म्हटलं, "अहो भाऊ, आमच्याकडे आज वरणभात आहे, आग नाही." तर हसून म्हणाले, "वहिनी, दार गरम लागलं तर उघडायचं नसतं. हाताला सवय हवी."

शारजात, अल मजाजच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्याच मजल्यावर राहायचे. रत्नागिरीकडचे, एसीच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. बायको-मुलं गावी. तिकडे वणवा पेटला की अख्खी आळी ओल्या फांद्या घेऊन काजूच्या बागांकडे धावायची, त्यात हमीदभाई नेहमी पुढे. "आमच्याकडे बंब पोचत नाही वहिनी, गावालाच बंब व्हावं लागतं."

इथे बंब येतात हो, पण ते येईपर्यंत माणसं कोण उतरवणार? म्हणून हमीदभाईंनी पथक काढलं. प्रत्येक मजल्याचा एक माणूस. आमच्या मजल्याचे आमचे हे. अधूनमधून सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी हमीदभाई सगळ्यांना जिन्याने खाली उतरवायचे. मुलं कुरकुरायची, "अंकल, इट्स ओन्ली अ ड्रिल." "हबीबी, खाली चल, मग पाहिजे तेवढं इंग्लिश बोल." खाली पार्किंगमध्ये एकेका घराचं नाव पुकारायचे, आणि "सगळे आले" असं ऐकल्याशिवाय पुढचं नाव घेत नसत. नियम एकच, पण कडक. गावी जायचं तर पथकाला सांगून जायचं.

मग ती मंदी आली. एकेकाची नोकरी जायला लागली. पूर्वी कुणी कायमचं निघालं की आम्ही जेवायला बोलवायचो, एअरपोर्टला सोडायला जायचो. आता लोक काही न बोलता जायचे. शरम वाटायची, दुसरं काय. पथकातलेही बरेच गेले. हमीदभाईंच्या हातातही नोटीस पडली होती, पण पथकाचा माणूस न उरलेले मजले ते एकटेच बघत राहिले. मी म्हटलं, "भाऊ, आता पुरे करा." म्हणाले, "खलास म्हणायला माणसं तरी संपली पाहिजेत ना वहिनी."

एका दुपारी पाचव्या मजल्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आग लागली. आम्ही सगळे खाली उतरलो. हमीदभाई नावं पुकारत होते. "साठे?" उत्तर नाही. सहाव्या मजल्यावरचे साठे म्हणजे प्रशांत, मेधा आणि त्यांची छोटी ऋचा. पुन्हा पुकारलं, तरी नाही. फोनही लागेना. हमीदभाई जिन्याकडे वळले, त्यांच्यामागे आमचे हे. सहाव्यावर पोचेपर्यंत ह्यांना खोकल्याने उभं राहवेना. साठ्यांच्या दाराबाहेर तिघांच्याही चपला ओळीने होत्या.

"पोरीच्या चपला बाहेर आहेत, म्हणजे पोर आत आहे," हमीदभाई म्हणाले. दाराला हात लावून बघितला. "दार गार आहे. तुम्ही खाली जा भाऊ, यल्ला, निघा." आणि ह्यांना जिन्याकडे ढकललं. हे उतरत होते तेव्हा वर दाराला बसणाऱ्या धडका ऐकू येत होत्या. मग त्याही थांबल्या.

बंबवाल्यांना हमीदभाई ऋचाच्या खोलीत सापडले, पलंगाखाली हात घातलेला. तोवर जिना धुराने भरला होता. त्यांना परतच येता आलं नाही. बाकी घर रिकामं. नंतर कळलं, प्रशांतची नोकरी गेली होती, ते कुणाला कळू नये म्हणून साठे आदल्या दिवशीच गुपचूप निघाले होते. आपण घरातच आहोत असं शेजाऱ्यांना वाटावं, म्हणून चपला तशाच ठेवल्या होत्या.



पुढे काही दिवसांनी मेधाचा पुण्याहून फोन आला. तिला काहीच कळलेलं नव्हतं. "काकू, हमीदभाईंना न सांगता निघालो हो. मनाला फार लागून राहिलंय. तोंड दाखवायची लाज वाटली. त्यांना सांगाल ना, आमच्यावर रागावू नका म्हणून?" पलीकडे ऋचा कशावरून तरी हसत होती. हे समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.

"सांगते हो," मी म्हटलं.