डावं चाक

मिस्त्री पूर्वी बसगाड्या दुरुस्त करायचे. मग विमानांकडे आले. दोन्हींत फरक काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "बस बंद पडली की लोक उतरून ढकलतात." तेवढंच. माणसांशी त्यांचं बोलणं बेताचं, इंजिनाशी भरपूर.

त्याच फ्लाइंग क्लबात त्यांची बायको विमान चालवायला शिकवायची. तिला सगळे मॅडम म्हणत. चाकं पोटात घेणारं क्लबाचं एकुलतं एक विमान तिने उडवायचं आणि यांनी सांभाळायचं, असा संसार.

एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, डावं चाक उशिरा येतंय."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी विमान जॅकवर उचललं. चाकं पुन्हा पुन्हा खालीवर केली. सगळी बरोबर पडली.

"तुझ्या मनाचे खेळ," ते म्हणाले. तेही शिकाऊ पोरांदेखत.

तेव्हापासून घरात अबोला. मीठसुद्धा मुलीमार्फत. सगळ्या क्लबाला ते ठाऊक होतं.

मिस्त्रींनी विमान ठीक आहे म्हटलं होतं, म्हणून एका सकाळी मॅडम ते घेऊन एकटीच गेली. परतताना चाकं टाकली. तीन चाकांचे तीन हिरवे दिवे लागायला हवेत. डावा लागला नाही.

तिने रेडिओवरून कंट्रोल टॉवरला कळवलं. टॉवरवाल्याने हँगरमध्ये फोन केला. मिस्त्री टॉवरचा जिना चढून वर आले. पाना हातातच राहिला होता.

"बल्ब गेला असेल," ते टॉवरवाल्याला म्हणाले. "उजव्याचा काढून डावीकडे लावायला सांगा तिला."

जरा वेळाने रेडिओवर मॅडमचा आवाज आला. "त्यांना सांगा, लावला. तरी अंधार."

"चाकं वर घेऊन परत टाकायला सांगा."

"त्यांना सांगा, केव्हाच केलं. विचारायची वाट बघत बसले नव्हते."

टॉवरवाल्याने माइक टेबलावर ठेवला. "मिस्त्री, मी काय तुमची मुलगी आहे? मीठ पण मागून देऊ?"

विमान टॉवरजवळून कमी उंचीवरून गेलं. मिस्त्रींनी दुर्बीण लावली. डावं चाक खाली होतं, पण किंचित आत कललेलं. जागेवर अडकलं नाही तर जमिनीला टेकताच मिटणार आणि पंख घासणार. पेट्रोलही फार उरलं नव्हतं.

मिस्त्रींनी माइक उचलला. बटण दाबलं.

"त्या रात्री जेवताना तू काय म्हणत होतीस?"

खरखर झाली.

"आता विचारताय?"

"आता. उशिरा म्हणजे कसं?"

"उजवं बसल्याचा ठोका येतो. मग एक श्वास जातो. मग डाव्याचा. वेग जास्त असला की आणखी उशीर."

वेग. मिस्त्रींच्या आता लक्षात आलं. जॅकवरचं विमान जागचं हलत नाही. हँगरमध्ये चाकाला मागे रेटणारा वारा कुठला?

"वेग कमी कर," ते म्हणाले. "झेपेल तेवढाच ठेव. आणि पायाने रडर मार, डावं-उजवं. शेपटी हलू दे. चाक बाहेर फेकलं जाईल."

"वेग उतरवला. मारते आता."



लांबवर विमान माशासारखं वळवळलं. पुन्हा वळवळलं. टॉवरवाला काचेला नाक लावून उभा होता.

"ठोका आला," मॅडम म्हणाली. मग, "हिरवा."

मिस्त्रींनी माइक टॉवरवाल्याच्या हातात दिला आणि जिना उतरले. विमान टेकलं, धावलं, थांबलं. ते पंखाखाली आडवे झाले. चाक मिटू नये म्हणून त्याच्या सांध्यात खिटी बसवली. मगच पंखावर थाप मारली, उतर म्हणून.

दुपारी विमान पुन्हा जॅकवर चढलं. तीच शिकाऊ पोरं जमली होती. मिस्त्रींनी त्यांच्यासमोर मॅडमला बोलावून आत बसवलं. डाव्या चाकाच्या दांड्याला दोर बांधला आणि मागून ताणून धरला, वाऱ्याच्या जागी.

"टाक."

उजव्याचा ठोका आला. एक श्वास गेला. मग डाव्याचा.

"आलं का ऐकू?" तिने वरून विचारलं.

"आलं," मिस्त्री म्हणाले, शेवटच्या पोरालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "उशिरा येतंय."