ओल्या काडाचं ओझं

गव्हाचं काड कोरडं असताना अगदी भिडस्त असतं. पोतंभर काड कुणीही एका हाताने खांद्यावर टाकावं. तेच रात्रभर हौदात भिजलं की जे बूड टेकून बसतं, ते थकलेल्या पाहुण्यासारखं हलायचं नाव घेत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी ते उठवायचं काम भावोजींचं. हौदातून पोतं काढायचं, गरम पाण्याच्या ड्रममध्ये सोडायचं, वाफाळतं बाहेर ओढून निथळायला टांगायचं. पुढचं सगळं ताईचं. ते काड पिशव्यांत भरायचं, थराथरांत बियाणं पेरायचं, मागच्या अंधाऱ्या खोलीत पिशव्या टांगायच्या आणि धिंगरीच्या छत्र्या फुटेपर्यंत पाणी फवारायचं. नव्या गिऱ्हाइकाला ती “धिंगरी, धिंगरी” असं समजावत राहते आणि मागून भावोजी पुटपुटतात, “मश्रूम म्हण की सरळ, उगाच घाबरवू नकोस.”

अशी कित्येक वर्षं गेली आणि भावोजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, आता जड काही उचलायचं नाही, कधीच नाही. म्हणजे ताईला एकटीला उचलता येईल असं काहीतरी काडाच्या जागी मिळालं तर खोली चालणार, नाहीतर तिला कुलूप. गडी ठेवावा, तर पीक त्याच्या मजुरीसाठीच काढल्यासारखं झालं असतं.

मग ताईने शेताशेतांतून टाकाऊ माल गोळा केला. भावोजी दारात खुर्ची टाकून बसले. माणसाचं काम बंद झालं की त्याला मतं फुटतात.

“सोयाबीनचं भुसकट घे. हलकं असतं.”

घेतलं. भिजल्यावर त्याचा चिकट लगदा झाला आणि पिशव्यांत हिरवी बुरशी धरली. उसाच्या पाचटाने प्लास्टिकला जागोजागी भोकं पाडली. ते बारीक कापता कापता ताईच्या बोटांना फोड आले. भुईमुगाची टरफलं उचलायला फुलासारखी, पण सकाळी पाणी मारावं तर दुपारी पुन्हा ठणठणीत कोरडी.

“मला पसंत करताना तुझ्या वडिलांनी इतकी पाहणी केली नव्हती,” भावोजी म्हणाले.

“केली असती तर आज ही वेळ आली असती का?” ताई म्हणाली. पण हसतानाही तिला धाप लागत होती.

शेवटी तिने केळीची सुकी पानं निवडली. निवड कशी केली, तर प्रत्येक माल भिजवून हाताने उचलून पाहिला आणि ज्याने खांदा सर्वांत कमी दुखला, तो पसंत. किती पिकेल, हा विचार तिने केलाच नाही. बियाणं धरून पिशव्या छान पांढऱ्या झाल्या, पण धिंगरी आली ती विरळ, किडकिडीत.

“काडावर तळहात यायचे,” भावोजी म्हणाले, “इथे नुसत्या करंगळ्या.”

त्या दिवशी ताईने पडलेल्या तोंडानेच जेवण वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर मागच्या अंगणात भावोजी हौदावर वाकलेले. ताईला पत्ता लागू न देता त्यांनी रात्री काडाचं पोतं भिजत घातलं होतं आणि त्याच्या गाठीला हात घातला होता. तेवढ्यात ताई बाहेर आली.

“हात काढा! टाके उसवायचेत का?”

“तुझं तोंड बघवेना काल. काडाशिवाय तुझं पीक यायचं नाही.”

“माझं पीक? अहो, तुम्हालाच काडाचं कौतुक, म्हणून त्या ओल्या काडात मी हात घालत राहिले इतकी वर्षं!”

भावोजींनी गाठीवरचा हात काढला आणि ते हौदाच्या काठावर बसले.

“मला कसलं कौतुक? तू धिंगरीच्या भरगच्च गुच्छांकडे बघत बसायचीस, म्हणून उचलत होतो. कंबर तर ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून बोंबलत होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू कुठे बोललीस?”

दोघंही माझ्याकडे पाहू लागली, जसं काही मीच सांगायला हवं होतं.

पोतं तसंच पाण्यात होतं. मी बाह्या सरसावल्या, तर ताई म्हणाली, “तू राहू दे बाबा, आणखी एक ऑपरेशन नको.” मग आम्ही तिघांनी गाठ सोडून काड मूठमूठ बाहेर काढलं आणि वांग्यांच्या वाफ्यात पसरलं.

हात पुसून ताईने तिचा माल घेणाऱ्या भाजीवाल्याला फोन लावला. “केळीच्या पानांवरच करणार आता. पिशव्याही लहान. माल निम्माच मिळेल.”

“मावशी, निम्म्यात कसं परवडायचं?”

“तुझं तू बघ. मला परवडतंय.”

फोन ठेवून ती पायरीवर टेकली. भावोजी हळूच म्हणाले, “निम्मा कबूल केलास खरा, पण तेवढा तरी निघेल का?”

“नाही निघाला तर पुन्हा फोन करू,” ताई म्हणाली. “आता बसा जरा.”