परसातला आडोसा

परसातल्या न्हाणीच्या कुडाला काय लावायचं, हे चहा पिताना ठरवलं, तेच आम्हा नवरा-बायकोचं शेवटचं काम. कडब्याचा जुना आडोसा दुष्काळात गुरांना घातला, तेव्हापासून ती उजाडायच्या आत न्हायची.

कूड घालणारा समोर उकिडवा बसला होता. कशालाही आधी 'न्हाई जमायचं' म्हणणार, मग मुकाट्यानं करून देणार.

"पत्रा?" मी विचारलं.

"न्हाई जमायचं. उन्हात लई तापतो."

"मग तुराट्या घाला की, भाऊ," ही म्हणाली.

"न्हाई जमायचं, वैनी. फटीतून दिसतं. बांबूच्या तट्ट्याच पायजेत."

"बरं बाबा, तट्ट्या तर तट्ट्या!" ती हसली.

रात्री झोपेतच ती गेली. सकाळी बाया तिला उघड्यावरच अंघोळ घालणार, तेवढ्यात तो स्वतःच्या घरच्या तट्ट्या उपसून घेऊन आला. खांब रोवायला वेळ नव्हता. तट्ट्या भिंतीला टेकवून, बायांचं उरकेपर्यंत तो पाठ फिरवून त्या धरून उभा राहिला.