विशाखाताई आणि हेल्मुटचं खिशातलं पिस्तूल

वाल्टरने मला याआधी कधी फोन केला नव्हता. त्या मंगळवारी दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी असताना स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि मी हातातला ट्रे जवळच्या टेबलावर ठेवून दिला. "आल्झो…", म्हणजे "तर…", एवढंच म्हणून तो थांबला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो शिकारी, एरवी खोलीभर ऐकू जाईल असा बोलणारा, श्वास घेत राहिला. मग म्हणाला, विशाखा सकाळी बागेत पडलेली शेजारणीला दिसली. हृदय. अँब्युलन्स यायच्या आधीच सगळं संपलं होतं. त्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत इथल्या, जर्मनीतल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांनी मला हळूच विचारलं, "त्या बंदूकवाल्या मॅडम… तुझ्या ओळखीच्या होत्या ना?" होत्या. आणि त्यांची ओळख ज्या संध्याकाळी झाली, ती संध्याकाळ मी अजून कोणालाच नीट सांगितलेली नाही.

नोव्हेंबर होता. नेकारसुल्मला ऑफिस सुटल्यावर सईला पोहण्याच्या क्लासहून घेतलं आणि आम्ही गावाकडच्या अरुंद रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, मध्येच झाडीचा पट्टा. सई मागे बसून शाळेतलं काहीतरी जर्मनमध्ये सांगत होती, मी मराठीत हं हं करत होते. झाडीतून काहीतरी तपकिरी उसळलं, धाडकन आवाज झाला आणि गाडी तिरपी होऊन थांबली. हरणाची मादी होती. तिचं मागचं अंग रस्त्यालगतच्या गवतात निपचित पडलं होतं आणि पुढच्या दोन पायांवर ती उठायचा प्रयत्न करत होती, पुन्हा पुन्हा. तिच्या ओरडण्याचा आवाज मला आजही वर्णन करता येणार नाही. मी पोलिसांना फोन केला. दोघे आले, शांतपणे म्हणाले की जखमी जनावराला सोडवणं हे इथे त्या भागाच्या शिकाऱ्याचं काम असतं, त्यांना कळवलंय, येतीलच. शिकारी म्हणजे कोणीतरी दाढीवाला आजोबा असणार असं मी धरून चालले होते. जुन्या जीपमधून हिरवं जाकीट घातलेली, साठीच्या आसपासची, बारीक चणीची एक बाई उतरली. माझ्याकडे न बघता ती हरणाकडे गेली. आम्हाला सगळ्यांना मागे सरकायला लावलं, खिशातून तळहातात मावेल एवढं पिस्तूल काढलं, नळी हरणाच्या डोक्याजवळ नेली आणि चाप ओढला.

टक्. एवढाच आवाज.

तिने पिस्तूल हलवलं नाही. गोळी उशिरानेही सुटू शकते, म्हणून अशा वेळी नळी तशीच धरून थांबायचं असतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की जनावर ओरडतंय आणि ही बाई नुसती उभी आहे. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. मी दोन पावलं पुढे होते म्हणून ऐकू आलं… "अकरा, बारा, तेरा…" मराठी आकडे! तीस झाल्यावर तिने पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचला, न उडालेलं काडतूस गवतात पडलं, आणि दुसरं अर्धवट आत शिरून वाकडं अडकलं. तिने पुन्हा खेचलं. हलेना. थंडीने तिची बोटं लाल झाली होती.

"मी काही मदत करू का?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

तिने मान वर केली. आश्चर्य वगैरे काही नाही. "मुलीचं तोंड तिकडे कर," ती म्हणाली, "आणि टॉर्च धर."

पिस्तूल पोलिसाच्या देखरेखीखाली जीपच्या बॉनेटवर ठेवून ती गुडघ्यांवर बसली. एक हात हरणाच्या डोळ्यांवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने कमरेचा सुरा काढला. मी टॉर्च धरला. नजर वळवावी असं वाटत होतं, पण वळवली असती तर उजेड हलला असता. काही क्षणांत सगळं शांत झालं. ती तशीच बसून राहिली, हात डोळ्यांवरच. मग म्हणाली, "तीन मिनिटं. माझ्यामुळे हिला तीन मिनिटं जास्त भोगावं लागलं."

त्या विशाखा मेश्राम. मूळच्या नागपूरच्या, धातुशास्त्र शिकायला इकडे आलेल्या आणि एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगा तुटेपर्यंत दाबून बघण्यात पंचवीस वर्षं घालवलेल्या. हेल्मुटशी लग्न झाल्यावर त्याच्यासोबत शिकारीच्या परवान्याची परीक्षा दिली. तो गेल्यावर गावाभोवतीच्या रानाची जबाबदारी त्यांनी सोडली नाही. हौसेने कधी एकही जनावर मारलं नाही. जखमी जनावरासाठी फोन आला की मात्र निघायच्या. नागपूरला त्यांच्या आईला हे अजिबात पसंत नव्हतं. घरात रोज वंदना म्हणणारी मुलगी पहिलंच शील, जीवहत्या न करण्याचं, कसं मोडते, असं त्या विचारायच्या. ताई मला म्हणाल्या होत्या, "आईचं बरोबरच आहे गं. पण ते रस्त्यावर तडफडून राहिलं आणि मी घरात बसून राहिले, तर मी काय पाळलं? मला नाही समजत. म्हणून जाते."

आठवड्याने त्यांनी मला चहाला बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून पिस्तुलाचे भाग सुटे करून मांडले होते. ते हेल्मुटचं. वीस वर्षं त्याच्या खिशात असायचं आणि प्रत्येक पार्टीत तो सांगायचा की याने एकदाही दगा दिलेला नाही. "कारखान्यात मी कोणाच्या शब्दावर एक स्प्रिंग पास केली नाही," ताई म्हणाल्या, "आणि हे नवऱ्याच्या शब्दावर पास केलं."

मग आम्ही नेमबाजीच्या मैदानावर जाऊ लागलो. त्या गोळ्या झाडायच्या, मी मागे बसून वहीत लिहायचे. सातवी, अडकली. आठवी, ठीक. बारावी, उडालीच नाही. एवढ्या छोट्या पिस्तुलाला सगळंच नेमकं लागतं, हे मला तिथे समजलं. स्प्रिंग थकलेली, मॅगझिनची कड किंचित वाकलेली, काडतुसं जुनी, त्यात खिशातला लोकरीचा भुगा. हात गारठून पकड जरा सैल पडली तरी ते आपोआप पुढची गोळी भरत नाही. ताईंनी स्प्रिंग बदलली, मॅगझिन बदललं, काडतुसं नवी आणली. अडकणं कमी झालं. थांबलं नाही.

मैदानावरच्या मंडळींना हे आवडत नव्हतं. तिथे बहुतेकांकडे असंच एखादं खिशातलं पिस्तूल होतं आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, माझं कधीच अडकत नाही. ताई विचारायच्या, "किती गोळ्या झाडल्यात?" उत्तर यायचं, दहा वर्षांत वीसेक. एका शनिवारी सकाळी क्लबच्या खोलीत कोणीतरी हसत म्हणालं, हेल्मुटच्या हातात ते पिस्तूल बरोबर चालायचं, बायकांच्या मनगटात तेवढा जोर नसतो. दहा-बारा माणसं होती. ताई उभ्या राहिल्या. "माझं पिस्तूल अडकलं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "मी ते आधी तपासलं नव्हतं. त्यामुळे एक हरीण तीन मिनिटं जास्त ओरडत राहिलं. ही इथे उभी आहे, हिने ऐकलंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फक्त "या" म्हटलं, जर्मनमधलं हो.

मग कोपऱ्यातून वाल्टर म्हणाला, "हेल्मुटच्या हातातही अडकलं होतं."

ताई वळल्या.

"रानडुक्कर होतं," वाल्टर टेबलाकडे बघत म्हणाला. "जखमी. अंगावर आलं. दोनदा चाप ओढला त्याने. मांडी फाडली त्याची. मी होतो तिथे. तुला सांगू नकोस म्हणाला… मी शब्द दिला होता."

ताईंनी जाकीट उचललं आणि बाहेर गेल्या. गाडी मी चालवली. गाव आल्यावर त्या म्हणाल्या, "मचाणावरून पडलो म्हणाला होता. थंडीत दुखायची ती मांडी. अठरा वर्षं मी तेल लावून दिलं, मीनल. अठरा वर्षं. आणि ते पिस्तूल त्याने माझ्या हातात ठेवलं." मेलेल्या माणसावर एवढं रागावलेलं मी कोणाला पाहिलं नव्हतं. वाल्टरशी त्या दोन महिने बोलल्या नाहीत. हेल्मुटचा फोटो काढून कपाटात ठेवला. मग एक दिवस लांड्राट्सआम्टला, म्हणजे जिल्हा कार्यालयात, जाऊन ते पिस्तूल नष्ट करण्यासाठी जमा केलं. खिडकीतल्या बाईने दोनदा विचारलं, आठवण म्हणून निकामी करून ठेवायचं नाही का? ताई म्हणाल्या, नाही. परत आल्यावर फोटो पुन्हा भिंतीवर लावला. स्वतःसाठी त्यांनी मोठं, जड, खिशात न मावणारं रिव्हॉल्व्हर घेतलं.

त्यानंतर त्यांनी एक शनिवार सुरू केला. महिन्यातून एकदा ज्याने त्याने आपलं पिस्तूल जसं रानात नेतो तसंच आणायचं, पुसायचं नाही, तेल घालायचं नाही. थंडीत पंधरा मिनिटं बाहेर उभं राहायचं आणि मग झाडायचं. पहिल्या वेळी तिघे आले. त्यांत वाल्टर होता. त्याचं तिसऱ्याच गोळीला अडकलं. तो लालबुंद झाला, पिस्तूल पेटीत घालून निघून गेला. ताई त्याच्या मागे पार्किंगपर्यंत गेल्या. दोघं थंडीत बराच वेळ उभे होते. काय बोलले ते मला माहीत नाही, पण पुढच्या महिन्यात वाल्टर आला, आणि आणखी चौघांना घेऊन आला.

अंत्यविधीला नागपूरहून भाऊ आला होता. आम्ही आठ-दहा मराठी माणसं, त्यांच्या प्रयोगशाळेतले काहीजण आणि हिरव्या जाकिटातले हे म्हातारे. भावाने त्रिसरण म्हटलं. शिकारी टोप्या हातात धरून उभे होते. एरवी मराठीत काही विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देणारी सई माझ्या कानाशी येऊन हळूच मराठीत म्हणाली, "आई, मी त्या दिवशी पाहिलं होतं. तिने हरणाचे डोळे झाकले होते."

गेल्या शनिवारी मी क्लबची किल्ली परत द्यायला गेले. ताईंच्या घराची आवराआवर करताना ती मला सापडली होती. वाटलं होतं कोणी नसेल. बाहेर थंडीत नऊ माणसं पिस्तुलं खिशात घालून उभी होती, घड्याळाकडे बघत. पंधरा मिनिटं झाल्यावर आत गेली. तरुणांपैकी एकाची पाळी आली. दोन गोळ्या सुटल्या, तिसरीला काहीच झालं नाही. त्याने नळी निशाणाकडेच ठेवली, मान न वळवता मोठ्याने म्हणाला, "माझं अडकलं." कोणी हसलं नाही. वाल्टरने माझ्यासमोर कोरी वही आणि पेन सरकवलं. मी किल्ली खाली ठेवली आणि लिहिलं. तिसरी, अडकली.