मेरिटोबाचा शेंदूर

भूकंपानंतर दोन-तीन वर्षं आमच्या लातूरकडं दगडाला कुणी वाली उरला नव्हता. दगडमातीच्या भिंतीच अंगावर आल्या होत्या. माझी मावशीही त्यात गेली. पत्र्याचं घर चालेल पण दगड नको, असं जो तो म्हणायचा. नेमक्या त्याच दिवसांत मला दगड सांभाळायची नोकरी लागली. शहराबाहेर महादेवाचं जुनं देऊळ होतं, त्याच्यापुढं सरकारी निळी पाटी आणि पाटीशेजारी मी, पहारेकरी. या वास्तूची जो नासधूस करील किंवा तिला विद्रूप करील त्याला कैद किंवा दंड, हा पाटीवरचा मजकूर मला तोंडपाठ होता. भिंतीवर कुणी कोळशानं नाव लिहायला लागला की मी तो त्याला घडाघडा ऐकवायचो. बायको म्हणायची, "लोक हरिनाम घेतात, तुमी कायदा घेऊन राहिले."

त्याच सुमाराला शहरात क्लासेसचं पेव फुटलं. उदगीर, देगलूर, उमरी, पार इस्लापूरपासून पोरं यायला लागली. ज्याचा प्लॉट मोकळा, त्यानं होस्टेल काढलं. देवळापासून हाकेच्या अंतरावर अशाच एका होस्टेलचा पाया खोदताना एक शिळा निघाली. माझ्या छातीएवढी उंच. वर चंद्रसूर्य, मधे पिंड आणि गायवासरू, खाली बारीक अक्षरांच्या ओळी. बघून मला इतका आनंद झाला की मी चप्पल तिथंच विसरून आलो.

अक्षरं जुन्या कानडीतली होती. ती वाचणारे एक रिटायर्ड गुरुजी उदगीरला राहायचे. त्यांना स्कूटरवर बसवून आणलं. गुरुजींनी वरच्या पाच ओळी वाचल्या. तेलाचे घाणे चालवणाऱ्यांनी देवाच्या दिव्याला रोज पळीभर तेल लावून दिलं होतं, असा मजकूर निघाला. खालच्या ओळींत चिकणमाती घट्ट बसली होती.

"भिजवून हळूहळू काढावी लागंल," गुरुजी म्हणाले. "दिवाळी झाली की येतो."

"खाली काय असंल?"

"शाप. ह्याची नासधूस करनारा साठ हजार वर्षं शेनातला किडा होईल. असतोच तसा. तुमच्या निळ्या पाटीचा आजा म्हना."

जमिनीत जुनी वस्तू सापडली की सरकारला कळवायचं, हा कायदा. मी त्याच दिवशी तहसीलला अर्ज दिला. पण दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी होती, आणि पंचनामा होऊन कागद येईपर्यंत शिळा कुणाचीच नव्हती. प्लॉटच्या मालकाला जूनच्या आत खोल्या हव्या होत्या. शिळा फोडा आणि पायात डबर म्हणून घाला, असं सांगून तो गावाला गेला.

काम ज्या मिस्त्रींकडं होतं त्यांना सगळं शहर मामू म्हणायचं. पिढ्यान्पिढ्या बांधकाम करणारं मुसलमान घराणं. मी त्यांना गाठलं.

"मामू, ही शिळा कायद्यानं सरकारी हाय."

"कागद हाय का?"

"येईल."

मामूंनी बिडी पेटवली. "मला येवढंच सांगा, ह्यो देव हाय का दगड? दगड असंल तर उद्या घन पडंल. देव असंल तर मी हात लावत न्हाई, आन मालक बी लावू देनार न्हाई."

"ऐतिहासिक पुरावा हाय हा."

"परत इचारतो. देव का दगड?"

मी त्यांना सगळा कायदा पहिल्यापासून म्हणून दाखवला. मामूंनी सुस्कारा सोडला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मजूर यायच्या आधी मी शेंदूर आणि तेल घेऊन तिथं पोचलो. वरच्या बाजूला बोटभर टिळा लावला असता तरी भागलं असतं. पण अर्धवट काम करायचा माझा स्वभाव नाही. मी पिंड, गायवासरू, ओळी, सगळं थापून काढलं. महादेवाला शेंदूर लावत नाहीत, हेही सुचलं नाही. रोज जी पाटी लोकांना ऐकवायचो, तीच मी मोडत होतो. वर नारळ फोडला आणि देवळात येऊन बसलो.

मामूंनी घण उचललाच नाही. मालक परत आला. कुठला देव आहे हे त्याला कळेना, पण देव आहे म्हटल्यावर त्यानं भिंत चार फूट मागं घेतली. नांदेडहून पुरातत्त्व खात्याचे साहेब कागद घेऊन आले, तोवर अगरबत्त्या लागल्या होत्या. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "लोकांनी, साहेब." साहेबांनी 'जागेवरच जतन' असा शेरा मारला.

पुढं होस्टेलच्या पोरांनी देवाचं नाव मेरिटोबा ठेवलं. परीक्षा आली की हॉलतिकिटं पायाशी, दर शनिवारी तेल आणि वर नवा शेंदूर. लेप अंगठ्याएवढा जाड झाला. गुरुजी भेटले की विचारायचे, "राहिलेल्या ओळी कवा वाचायच्या? माझे डोळे हायत तवर होऊ द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. साठ हजार वर्षांचं मी मनावर घेतलं नव्हतं असं नाही, पण गुरुजींच्या जाड होत जाणाऱ्या चष्म्याची भीती जास्त वाटायची.

एका उन्हाळ्यात होस्टेलची पोरं पळत आली. "देवानं कवच टाकलं!" शेंदराचा लेप आपोआप गळून पडणं आमच्याकडं शुभ. ते कवच वाजतगाजत नदीत सोडतात. मी आधी उदगीरला सुटलो, गुरुजींना घेऊन आलो. मामूही आले होते. लेपाबरोबर चिकणमातीही उचलून आली होती आणि खालच्या ओळी स्वच्छ उघड्या पडल्या होत्या.

गुरुजींनी नाक शिळेला लावलं. बराच वेळ बोटानं चाचपडत वाचत राहिले. शेणातला किडा होताच. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. "जो हे राखील," गुरुजी म्हणाले, "त्याला देनाऱ्याइतकंच पुन्य."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की शेंदूर मी लावला होता, आणि मामूंना फसवलं होतं.

"फसवलं?" मामू हसायला लागले. "दोनदा इचारलं तुमाला, देव का दगड. एका बारीला तुमी पुरावा सांगितला, दुसऱ्या बारीला कायदा. आवो, मला फोडायचाच असता तर इचारलं कशाला असतं?"