दुपारी झोपणारा कारागीर

धामणगाव रेल्वेच्या बाजारात नियाजभाईचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. हात असा चोख की तिवशाहूनही लोक पंप घेऊन यायचे. खोड एकच. भर हंगामात, दुपारी एक वाजला की हा बाबा हात धुवायचा, बायकोनं, बिल्कीसनं, बांधून दिलेली भाकर सावकाश चावून खायचा आणि अर्धं शटर ओढून आडवा व्हायचा. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत. "नवाबसाहेब झोपले," म्हणून लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं!

आधी तो असा नव्हता. एका हंगामात उपाशीपोटी, डोळे चोळत त्यानं दिवसाला वीस-वीस पंप जोडले. त्यातलाच एक धाकट्या भावानं, शाकीबनं, पाठीवर घेतला. वाशर नीट बसला नव्हता. फवारणीचं विषारी औषध दिवसभर पाठीवर झिरपत राहिलं आणि संध्याकाळी शाकीब धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, कोसळला. जीव वाचला, नजर मात्र अधू झाली. नियाजनं नशिबाला बोल लावला नाही. चूक थकल्या हातांची होती आणि हात त्याचे होते. तेव्हापासून आधी पोट, मग झोप, मग काम. शिवाय दुरुस्त केलेला प्रत्येक पंप तो साध्या पाण्यानं भरून स्वतःच्या पाठीवर फिरवून बघायचा.

बोंडअळीच्या साली, नेमके एकाच्या ठोक्याला महादेवराव आले. पाच एकर कपाशीला अळी लागलेली, माणूस कासावीस झालेला.

"नियाज, दहा मिंटाचं काम हाये. वाशर टाक अन् दे."

"तीन वाजता नेजा, महादेवराव. हात थकले. थकल्या हातानं वाशर बसत नाई, बसल्यावानी दिसते फक्त."

"अळी काय तुई झोप होवाची वाट पायनार हाये?"

"कपाशी पुढच्या साली पुना लावता येते. तुमाले कुठून आनू?"

महादेवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "झोप मंग!" म्हणत आपला पंप तिथंच टाकून ते शेजाऱ्याचा पंप मागायला तरातरा निघून गेले.

आता झोप कसली लागते! तरी नियाज हट्टानं पडून राहिला, कारण हात शांत व्हायला हवे होते. मग उठून वाशर बसवला, पंप पारखला, सायकलला बांधला आणि शेत गाठलं. महादेवराव शेजाऱ्याकडून नुकत्याच मागून आणलेल्या पंपात औषध ओतायच्या बेतात होते. नियाजनं तो पंप ओढून घेतला, विसळून साध्या पाण्यानं भरला आणि पाठीवर चढवून धुऱ्यानं एक फेरी मारली. परत येऊन पंप उतरवला आणि महादेवरावांकडे पाठ फिरवली.

पाठ कमरेपर्यंत ओलीचिंब होती.

महादेवरावांनी हातातलं औषध खाली ठेवलं.

"जेवले का?" नियाजनं विचारलं.

"सकायपासून नाई."

"मंग आधी जेवा. अळीले बी घटकाभर जेवू द्या."

आणि दुरुस्त केलेला त्यांचाच पंप त्यानं त्यांच्यापुढं ठेवला.

पुढच्या हंगामात भर दुपारी त्या अर्ध्या शटरसमोरच्या बाकड्यावर महादेवराव बसलेले दिसू लागले. कोणी घाईनं शटर वाजवायला गेलं की ते हात धरायचे.

"हळू बोल. कारागीर झोपला हाये. त्याच्या झोपेवर आपली पाठ कोरडी हाये."