काढूमामांनी बसवलेला थर्मोस्टॅट

काढूमामांना हे नाव गावाने दिलं होतं आणि ते त्यांनी मुकाट्याने स्वीकारलं होतं. गॅरेजात गाडी कुठलीही आणा, तक्रार कुठलीही सांगा, मामांचं औषध ठरलेलं असे. सीटबेल्टचा पीं पीं आवाज डोकं उठवतो? काढून टाकू. डॅशबोर्डवरचा एक दिवा विझायचं नाव घेत नाही? काढून टाकू. आणि गाडी तापत असेल, तर बॉनेट उघडायच्या आतच त्यांचा हात पान्याकडे गेलेला असे.

"थर्मोस्टॅट," मामा म्हणत. "काढून टाकू. नसलेली वस्तू बिघडत नाही."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचं एक छोटं दार. इंजिन गार असताना ते मिटलेलं असतं, म्हणून पाणी आतल्या आत फिरून लवकर तापतं. पुरेसं तापलं की दार उघडतं आणि पाणी रेडिएटरमध्ये निवायला जातं. ते मिटलेलं अडकलं की गाडी उकळते, आणि दारच नसलं की ती कटकट मिटते. मग इंजिन कधी धड तापत नाही आणि हीटर नुसता गार वारा फुंकत बसतो, पण घाटाखालच्या त्या गावात हीटर लावतो कोण? गावातल्या निम्म्या जुन्या गाड्या अशा बिनदाराच्या धावत होत्या. त्यात पहिली मामांची.

मग मामींच्या किडन्या कामातून गेल्या. डायलिसिसचं यंत्र होतं घाटावरच्या हॉस्पिटलात. दिवसाआड सकाळी निघायचं, दोन सुया टोचून घेऊन यंत्रापाशी पडून राहायचं आणि परत यायचं. यंत्रावरून उठल्या की मामींच्या अंगात ऊब म्हणून उरत नसे. त्यात घाटात धुकं, आणि काचांच्या फटींतून येणारा वारा. शाल, वर ब्लँकेट, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, असं सगळं करूनही मामींचे दात वाजायचे. मामा शेजारी बसून ते ऐकायचे आणि एखादा ढिला नट-बोल्ट वाजतोय असं स्वतःला सांगून गाडी हाकायचे.

एके दिवशी जेवताना मामी म्हणाल्या, "मी आता जाणार नाही."

"कुठे?"

"यंत्रावर. सुया चालतील एक वेळ. पण तो येतानाचा गारठा नाही सोसवत हो. हाडं वाजतात माझी."

न जाण्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की बरं होण्यासारखं काही नाही, यंत्र चालू आहे तोवर आहे, आणि ते थांबलं की मग फार दिवस नाहीत.

"गारठ्याचंच आहे ना?" मामा म्हणाले. "मग हीटर चालू करून देतो. थर्मोस्टॅट बसवतो."

"तुम्ही? बसवणार?" मामी हसल्या. त्या शेवटच्या कधी हसल्या होत्या, मामांना आठवेना. "बरं. एकदा बघू."

मामांनी बाकीचं सगळं ऐकलं आणि 'एकदा' तेवढं सोडून दिलं.

स्पेअर पार्टच्या दुकानदाराने आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"मामा, तुम्ही थर्मोस्टॅट घ्यायला आलात? तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे," मामा म्हणाले.

दुकानदाराची चेष्टा तिथेच थांबली. त्याने थर्मोस्टॅट दिला, सोबत नवं पॅकिंग दिलं आणि मामी कशा आहेत ते विचारलं नाही.

घरी आल्यावर मामांनी तो पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि गॅस पेटवला. नव्या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मामी उबेसाठी शेगडीला चिकटून बसल्या होत्या. पाण्याला बुडबुडे आले, वाफ निघाली, आणि पितळेची ती चकती हळूच वर उचलली गेली.

"उघडलं की," मामी वाकून बघत म्हणाल्या. "एवढंसंच आहे? याच्यावर डूख धरून होतात होय जन्मभर?"

दुसऱ्या दिवशी मामांनी गॅरेजला कुलूप घातलं आणि अंगणात स्वतःची गाडी उघडली. पाणी सोडलं, वरचा पाइप ओढला, थर्मोस्टॅटच्या घराचे दोन बोल्ट सोडवले, जुनं पॅकिंग पात्याने खरवडलं. इथवरचं काम त्यांचा हात डोळे मिटून करत असे. पुढचं त्यांनी ओठावर मिसरूड फुटायच्या वयानंतर केलंच नव्हतं. थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक पिन हलत होती. ती वर ठेवायची की खाली, असा प्रश्न मनात येऊन गेला. पण एवढी वर्षं इंजिनांच्याच कामात घालवल्यावर कुणाला विचारायला जाणार? मामांनी तो तसाच बसवला, बोल्ट आवळले, पाणी भरलं.

इंजिन थोडा वेळ घुरघुरलं आणि हीटरमधून गरम वारा आला. मामी ब्लँकेटसकट पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात जाळीसमोर धरले. मामा बाहेर उभं राहून काचेतून बघत होते. आपण अजून काहीतरी करू शकतो, असं त्यांना फार दिवसांनी वाटलं.

डायलिसिसच्या पुढच्या वारी दोघं निघाली. गाव मागे पडायच्या आत मामींनी ब्लँकेट काढून मागे टाकलं.

"उकडतंय," त्या म्हणाल्या.

मामांना यापेक्षा गोड काही ऐकायला नको होतं. ते येताना कुठे थांबू, मुलीला फोन करून काय सांगू, असलं काहीबाही बोलत सुटले. मामी हूं हूं करत होत्या. घाट सुरू झाला, चढ वाढला.

"अहो," मामी म्हणाल्या, "गार येतंय."

मामांनी तापमानाच्या काट्याकडे बघितलं. काटा पार वर टेकला होता. त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली, तोवर बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली होती.

आता इंजिन निवेपर्यंत हात लावायची सोय नव्हती. आणि हॉस्पिटलात नंबर चुकला की यंत्र दुसऱ्या कुणाला तरी लागतं. मामा गाडीभोवती येरझाऱ्या घालायला लागले. मामी दार उघडून खाली उतरल्या, पुढे आल्या आणि त्यांनी बॉनेटवर तळवे टेकले.

"आत बस. धुकं आहे."

"इथे बरं वाटतंय," मामी म्हणाल्या. मग गालही टेकवला.

इंजिन लवकर निवावं म्हणून मामांचा जीव कासावीस होत होता, आणि मामींचा गाल त्याच पत्र्यावर होता. निवत गेलं तशा मामी हात सरकवत राहिल्या, जिथे अजून ऊब होती तिथे. शेवटी कुठेच उरली नाही, तेव्हा त्यांनी हात काढले आणि शालीत घेतले. मामांना रडू आलं. ते बॉनेट उघडून आत वाकले.

थर्मोस्टॅटचं घर उघडताच त्यांना चूक दिसली. पिन खालच्या बाजूला होती. पाणी भरताना आत अडकलेली हवा त्या पिनेपाशी बाहेर पडते, म्हणून ती वर असावी लागते. हवा निघालीच नाही, चढावर ती एकीकडे गोळा झाली, हीटरकडे जाणारं गरम पाणी अडलं आणि दार मिटलेलंच राहिलं. हजार गाड्यांमधून काढणाऱ्या माणसाला हे आठवायला हवं होतं, पण काढताना ती पिन कुठे आहे याने काय फरक पडतो?

त्यांनी थर्मोस्टॅट फिरवून बसवला, डिकीतला पाण्याचा कॅन ओतला, पाइप दाबून दाबून हवा काढली. इंजिन सुरू केलं. काटा चढत मधोमध आला आणि तिथेच थांबला.

"येतंय गरम?"

"येतंय."

"दुपारच्या पाळीत घेतील आपल्याला. मी बोलतो त्या नर्सशी." मामांनी गिअर टाकला.

"घरी चला," मामी म्हणाल्या.

"अगं, आता नाही बिघडायची. चूक सापडली मला."

"कळलं मला. छान बसवलंत."

मामा आधी रागावले. मग विनवण्या केल्या. मग मुलीचं नाव काढलं, तिला काय तोंड दाखवू म्हणाले. मामी हात जाळीसमोर धरून सगळं ऐकत होत्या.

"गारठ्याचं नुसतं निमित्त होतं हो," त्या म्हणाल्या. "काहीतरी सांगायला हवं ना तुम्हाला. मी दमले. यंत्राला दमले, त्या खाटेला दमले. तुम्ही एवढ्या हौसेने करायला घेतलंत, म्हणून म्हटलं, एकदा जाऊ."

वरून एक ट्रक आला, हॉर्न देऊन गेला.

"हे नाही काढून टाकता येत तुम्हाला," मामी म्हणाल्या. "चला."

मामांनी गाडी वळवली. उतारावर त्यांनी ती इतकी हळू आणली, की मागच्या गाड्या वैतागून पुढे जात होत्या. गाडीत छान ऊब होती. मामींचा डोळा लागला. त्यांचे दात वाजत नव्हते, तरी मामा सवयीने कान देऊन होते.

दारात आल्यावर मामी जाग्या झाल्या. मामांनी गाडी थांबवली, पण बंद केली नाही. एरवी उभ्या गाडीचं इंजिन कुणी विनाकारण चालू ठेवलं, तर मामा त्याला चारचौघांत झापत.

"उतरायचं?" त्यांनी विचारलं.

"बसू थोडं," मामी म्हणाल्या.